मंगळवार-गुरुवारची पोटदुखी

आमच्या शाळेत मानसिक आरोग्य आलं ते ऐन धानाच्या रोवणीत. तालुक्याहून पत्र आलं, की 'बालकांचे भावनिक स्वास्थ्य' या विषयावर पाच दिवसांचं प्रशिक्षण आहे, प्रत्येक शाळेने एक शिक्षक पाठवावा. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. नवा जिल्हा, त्यामुळे पत्रं फार येत. आमच्या मेश्राम हेडमास्तरांनी हे पत्र मोठ्याने वाचलं आणि स्टाफकडे पाहिलं. स्टाफ म्हणजे आम्ही पाच जण. चौघांच्या घरी धानाची शेती होती आणि बांधीत चिखल तयार होता. माझी शेती म्हणजे डब्यात लावलेली तुळस.

"गुरुजी, तुमीच जा," हेडमास्तर म्हणाले. "पोराइच्या मनातलं तुमाले बरोबर समजते."

हे ते चौघांच्या सोयीसाठी बोलले होते. मी ते खरं मानलं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

खरं मानायला मला कारणही होतं. मी कधी हातात छडी घेतली नाही. माझ्या तासाला वर्ग हसत असे, इतका, की शेजारच्या वर्गातली पोरं पाढे थांबवून भिंतीला कान लावत. मुर्रीच्या बाजूला, गोंदियापासून सायकलच्या अंतरावर आमचं गाव. तिथे मी 'हासवनारे गुरुजी' म्हणून ओळखला जाई. हा किताब मला आदर्श शिक्षक पुरस्कारापेक्षा मोठा वाटे. तो पुरस्कार मला मिळाला नव्हता, हेही एक कारण.

प्रशिक्षणाला नागपूरहून एक तरुण म्याडम आल्या होत्या. त्यांनी पाच दिवसांत जे शिकवलं ते थोडक्यात असं. लहान मुलाला दुःख शब्दांत सांगता येत नाही, ते अंगातून बाहेर येतं. कुणी अंथरूण ओलं करतं, कुणी नखं खातं, कुणाचं पोट दुखतं. शिक्षकाने उपदेश करायचा नाही, ऐकायचं. मूल बोललं नाही तर मनात वीसपर्यंत आकडे मोजत थांबायचं. आणि बोलता येत नसेल तर त्याला चित्र काढायला द्यायचं.

वीस आकड्यांचा प्रयोग मी आधी घरी केला. बायको काहीतरी बोलली, मी उत्तर न देता मोजत राहिलो. बारावर ती म्हणाली, "कानात मळ भरला का?"

शाळेत मला खोली मिळाली ती खिचडीच्या तांदळाची. अर्ध्या खोलीत पोती, अर्ध्या खोलीत मी. दारावर पाटी रंगवायला हेडमास्तरांनी बाजारातला पेंटर बोलावला. त्याने 'समुपदेशन कक्ष' असं लिहायच्या ऐवजी 'सम उपदेशन कक्ष' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी गावातले दोन म्हातारे धोतर सावरत आले आणि उपदेश किती वाजता सुरू होते, असं विचारू लागले. त्यांना वाटलं कुणी महाराज उतरलेत.

मुलं मात्र येईनात. एका बापाला मी म्हटलं, तुमच्या मुलाला जरा माझ्याकडे पाठवा, तो गप्प गप्प असतो. तो म्हणाला, "कायले जी? माहा पोट्टा पागल आहे का?" ही बातमी गावभर गेली. पहिल्या महिन्यात माझ्याकडे आलेली माणसं दोनच. एक खिचडी शिजवणाऱ्या सुलोचनाबाई. त्या तांदूळ काढायला येत आणि पोत्यावर बसून सुनेबद्दल सांगत. मी वीसपर्यंत मोजी, त्या दोनशेपर्यंत बोलत. दुसरे खुद्द हेडमास्तर. त्यांना अहवाल लिहायची भीती वाटे, आणि ही भीती बरी करायचा त्यांना ठाऊक असलेला एकच उपाय होता, तो म्हणजे मी त्यांचा अहवाल लिहून देणं.

अशात खिलेश्वरीचं पोट दुखू लागलं.

खिलेश्वरी चौथीत होती. किडकिडीत, दोन घट्ट वेण्या, अक्षर छापल्यासारखं. पोवारांचं घर, बापाचं नाव ढालचंद. घरी सगळे आपली पवारी बोली बोलत, शाळेत मराठी, आणि किराणा दुकानात हिंदी. आमच्याकडे पोरं अशीच वाढतात. ती सकाळी दप्तर घेऊन निघे, शाळेच्या फाटकापाशी पोट धरून बसे आणि रडत घरी परत जाई. आजीने ओवा दिला, मग हिंग लावला. मग नजर काढली, गळ्यात काळा धागा बांधला. ढालचंद तिला गोंदियाला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने पोट दाबून पाहिलं, फोटो काढला आणि सांगितलं, "सब नॉर्मल है, बच्ची नाटक कर रही है."

त्यानंतर घरात तिच्यावर विश्वास ठेवायला कुणी उरलं नाही. हे सगळं मला फार उशिरा समजलं. मला समजलं तेव्हा ढालचंद तिचं नाव काढायला शाळेत आला होता.

"नाटकच कराचे असन त घरी कर मनलं," तो म्हणाला. "बुढीले एकटीनं होत नाही. लहान पोरगा आहे, बकऱ्या आहेत. राहू द्या शारा."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छाती फुगवून म्हणालो, "ढालचंदभाऊ, मला एक महिना द्या. हे प्रकरण पोटाचं नाही, मनाचं आहे."

"मनाचं कायचं? दहा वर्साची पोट्टी आहे जी."

"एक महिना," मी म्हणालो. त्याने डोकं खाजवलं आणि होकार दिला. माझ्या विद्येवर त्याचा विश्वास बसला नव्हता. दाखला लिहायला हेडमास्तरांनाच वेळ नव्हता, म्हणून तो थांबला.

मी तपासाला लागलो. हजेरीपट घेऊन बसलो आणि एका तासात मोठा शोध लावला. खिलेश्वरीचं पोट रोज दुखत नसे. फक्त मंगळवारी आणि गुरुवारी. हे पाहून मला जो आनंद झाला तो सांगायला आज लाज वाटते. एका पोरीचं पोट दुखतंय आणि मी खुर्चीवर बसून हसतोय.

मंगळवारी गावचा बाजार. पहिला संशय बापावर. बाजाराच्या दिवशी माणूस पितो, पिऊन घरी भांडतो, पोरीच्या पोटात गोळा येतो. हे सगळं माझ्या वहीतल्या टिपणांत अगदी बसत होतं. मी संध्याकाळी ढालचंदच्या घरी गेलो. तो नव्हता. त्याच्या बायकोला प्रशिक्षणातल्या हळुवार आवाजात विचारलं, "वहिनी, मंगळवारी ढालचंदभाऊ घरी कसे येतात?"

"सायकलीनं," ती म्हणाली.

"तसं नाही. कोणत्या अवस्थेत येतात?"

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "काऊन जी? तुमी काही पाह्यलं का?"

मी काही पाहिलं नव्हतं. पण मी वीसपर्यंत मोजत गप्प राहिलो आणि त्या वीस आकड्यांत तिची खात्री पटली. पुढच्या मंगळवारी ढालचंद बाजारातून भाजी घेऊन शुद्धीत घरी आला, तर दारातच त्याचं तोंड हुंगलं गेलं, आणि ज्या घरात भांडण नव्हतं तिथे ते झालं. तो दुसऱ्या दिवशी मला फाटकापाशी भेटला. "गुरुजी, मी माळकरी मानूस आहे," एवढंच म्हणाला. मी मान खाली घालून आत गेलो.

मग गुरुवार उरला. गुरुवारी खिचडीत वाटाणा असे. पोट सकाळी दुखतं आणि खिचडी दुपारी मिळते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी सुलोचनाबाईंना विचारलं, वाटाणा रात्रभर भिजवता ना? त्या तांदळाच्या पोत्यावरून उठल्या. त्यांचा चेहरा पाहून मला पुढचं कळलं.

"तुमी मायावर आळ घेऊन राह्यले का, गुरुजी? चौथीचे चाळीस पोट्टे खातेत, एकीचंच पोट दुखते?"

"मी नुसतं विचारतो आहे, बाई."

"सून बी अशीच नुसती विचारते," त्या म्हणाल्या, आणि आठ दिवस त्या खोलीत तांदूळ काढायला आल्या नाहीत. आपल्या पोरीला पाठवत.

बाप गेला, वाटाणा गेला. महिन्यातले दोन आठवडे संपले. मग मला चित्राची आठवण झाली. एका बुधवारी, पोट शांत असण्याच्या दिवशी, मी खिलेश्वरीला तांदळाच्या खोलीत बसवलं, कोरा कागद आणि रंगखडू दिले. म्हटलं, "आपली शाळा काढ. जशी वाटते तशी."

ती बराच वेळ खडू फिरवत बसली. मी या वेळी खरंच काही बोललो नाही. अर्ध्या तासाने तिने कागद माझ्यापुढे उपडा ठेवला आणि निघून गेली.

सरळ करून पाहिलं. शाळा होती, झेंड्याचा खांब होता. वर्गात ओळीने पोरं बसलेली, आणि प्रत्येकाचं तोंड उघडं, त्यात दात. फळ्यापाशी एक मोठा माणूस. त्याचं तोंड सगळ्यांत मोठं, दात सगळ्यांत जास्त. शर्टाच्या खिशाला एक लाल आणि एक निळी रेघ. कोपऱ्यात एक लहान मुलगी, तिला तोंडच काढलेलं नव्हतं.

वाटलं, या शाळेत कुणीतरी राक्षस आहे. मी कागद घेऊन तडक हेडमास्तरांकडे गेलो, दार लावलं आणि म्हणालो, "सर, आपल्यातलाच कुणीतरी त्या पोरीला छळतो आहे. नाव शोधावं लागेल."

मेश्राम सरांनी चष्मा चढवला. कागद जवळ धरला, लांब धरला. मग ते माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहू लागले.

"गुरुजी," ते म्हणाले, "लाल अना निळा, दोन पेन आपल्या शारेत कोन लावते?"

मी खिशाला हात लावला. दोन्ही पेन तिथेच होते.

"मी?" मी म्हणालो. "सर, मी तर पोरांवर कधी आवाजही चढवत नाही. मी हसवतो."

"मंगळवारी-गुरुवारी चौथीवर तुमचाच तास असते ना? परिसर अभ्यासाचा?"

वेळापत्रक त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर टांगलेलं होतं. ते मीच तयार केलं होतं, माझ्याच अक्षरात, लाल पेनने मंगळवार-गुरुवार आखून. बाजार शोधला, वाटाणा शोधला, माळकरी माणसाचं तोंड हुंगायला लावलं, आणि या भिंतीकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

तरीही मी काय केलं ते मला समजेना. शेवटी खिलेश्वरीच्या शेजारी बसणाऱ्या होमेश्वरीला विचारलं. ही पोरगी सरळ बोलणारी. तिने मला, मलाच, माझी गोष्ट सांगितली.

"तुमी तिले दिल्लीवाली मनता ना जी."

आणि मला आठवलं. सत्र सुरू झालं तेव्हाची गोष्ट. मी वर्गात विचारलं होतं, भारताची राजधानी कोणती? खिलेश्वरीने हात वर केला, उभी राहिली आणि म्हणाली, "दिल्ली से, गुरुजी." पवारीत 'से' म्हणजे 'आहे'. पोरीने घरच्या बोलीत बरोबर उत्तर दिलं होतं. पण आमच्या गोंदियात हिंदी सगळ्यांच्या कानात. मी म्हणालो, "दिल्ली से? आली कधी? रिझर्वेशन भेटलं का?" वर्ग फुटला. पोरं बाकांवर डोकी आपटून हसली. इतका हशा पिकला, की तो विनोद एकदाच करून सोडून देणं मला जमलं नाही. दर मंगळवारी आणि दर गुरुवारी मी वर्गात शिरताना, ती आहे की नाही हे न पाहताच, विचारत असे, "काय दिल्लीवाली, गाडी टाइमवर आली ना?" आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडे, "लेट से!"

"हसत तर तीही होती," मी होमेश्वरीला म्हणालो.

"पयल्या दिवशी हासली," होमेश्वरी म्हणाली. "मंग नाही. तुमचं ध्यान नव्हतं."

एक गोष्ट इथे कबूल करतो. मी स्वतः नागझिऱ्याच्या पलीकडल्या एका झाडीतल्या खेड्याचा. नागपूरला डी.एड.ला गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी 'शाळा'ला 'शारा' म्हणालो, आणि दोन वर्षं होस्टेलमध्ये माझं नाव शारा होतं. मीही हसून घ्यायचो. ते मी विसरलो नव्हतो. ते मला विनोदी वाटू लागलं होतं, इतकंच.

तो दिवस बुधवार होता. माफी गुरुवारी मागायची, वर्गात, सगळ्यांसमोर, असं मी ठरवलं. झालं ते सगळ्यांसमोर झालं होतं. एकांतात मागितलेली माफी तिच्या काय कामाची? ठरवताना मोठं समाधान वाटलं. सकाळी उठलो तर पोटात कळ.

बायकोला म्हटलं, "आज रजा टाकतो. पोट दुखतंय."

तिला सगळं प्रकरण माहीत होतं. ती चुलीपुढून उठली, ओव्याची पुडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "चाळीस पोट्ट्यांपुढे उभं राहाचं मनून दुखून राह्यलं. जा मुकाट्यानं."

खिलेश्वरीला मी होमेश्वरीकडून निरोप पाठवला होता, की आज ये, आज गुरुजी तुला काही विचारणार नाहीत. ती आली. फाटकाशी बसली, पण आली. मी चौथीत शिरलो. पोरं सवयीने 'लेट से' म्हणायला तोंड उघडून बसली होती. मी काही विचारलं नाही. खुर्चीवर न बसता उभा राहिलो आणि म्हणालो, की खिलेश्वरीचं उत्तर त्या दिवशी बरोबर होतं. ती आपल्या आईच्या बोलीत बोलली. मी तिची थट्टा केली, आणि ती एकदा करून न थांबता चार महिने केली. मला ते करायला नको होतं. मग आदल्या संध्याकाळी पानठेल्यावर एकाकडून पवारीतलं एक वाक्य पाठ केलं होतं ते म्हटलं. "खिलेश्वरी, मोरी चूक से."

खिलेश्वरीने खाली पाहतच सांगितलं, "'से' नाही जी, गुरुजी. 'भयी' मनतेत. मोरी चूक भयी."

"मोरी चूक भयी," मी म्हणालो. मग पोरं हसली, आणि या वेळी मला हसली. कान गरम झाले. पोटातली कळ मात्र गेली.

खिलेश्वरीचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो. तिचं पोट त्यानंतरही दोन गुरुवार दुखलं. मला वाटलं होतं माफीने झटक्यात थांबेल. तसं होत नाही. तिसऱ्या गुरुवारी ती तासाला बसली, त्याच्या पुढच्या मंगळवारी तिने हात वर केला. ढालचंद दाखला न्यायला परत आला नाही. मी त्याच्याकडे जाऊन त्याचीही माफी मागितली. तो म्हणाला, "माहं जाऊ द्या जी, पन बायकोले सांगा. ती अजून हुंगते." मी त्या घरी पुन्हा गेलो आणि या वेळी वीस आकडे मोजले नाहीत. सुलोचनाबाईंची मनधरणी करायला सगळ्यांत जास्त दिवस लागले.

पण त्या गुरुवारचा तास खिलेश्वरीवर संपला नाही. मी खडू हातात घेतला आणि धडा सुरू करणार, तेवढ्यात होमेश्वरी उभी राहिली.

"गुरुजी, मले तुमी रेडिओ मनता. माही पन माफी मांगा."

मी तिची माफी मागितली. ती बसली तर मागून एक उठला, त्याला मी गोनी म्हणत असे. तिसऱ्याला बगळा. चौथीला डोमकावळी. एकेक उभं राहून मला माझाच विनोद सांगत होतं, आणि मी प्रत्येकाला, चूक भयी, चूक भयी म्हणत होतो. एका पोराला मात्र माफी नको होती. त्याला मी पैलवान म्हणत असे. तो म्हणाला, "माहं नाव राहू द्या जी. मले आवडते." ते नाव मी राहू दिलं. तास संपत आला. मला वाटलं, सुटलो.

खिडकीपाशी एक मुलगी उभी होती. कधी उभी राहिली मला कळलं नाही. तेल लावून चापून बसवलेले केस, हातात पाटी. मी घाईने म्हणालो, "तुला काय म्हणत होतो बेटा मी? चूक भयी, बस."

ती बसली नाही.

"मले तुमी काहीच नाही मनत," ती म्हणाली, आणि रडू लागली.

मी तिच्याकडे पाहिलं. पहिलीपासून ती याच शाळेत होती. सत्र सुरू झाल्यापासून दर मंगळवारी आणि दर गुरुवारी माझ्यासमोर बसत होती. तिची थट्टा नाही, की तिला शाबासकी नाही. तिचं पोट कधी दुखलं नव्हतं, आणि दुखलं असतं तर ते माझ्या लक्षात आलं असतं, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. घंटा झाली. पोरं खिचडीच्या ताटल्या घेऊन पळाली. ती तिथेच उभी होती, आणि मला तिचं नाव आठवत नव्हतं.

मी टेबलावरची हजेरी उघडायला गेलो आणि हात मागे घेतला. तिच्या बाकापाशी जाऊन खाली बसलो.

"बेटा," मी म्हणालो, "तुझं नाव काय?"

तिने बाहीने नाक पुसलं. मी मनात आकडे मोजू लागलो. सतरावर तिने सांगितलं.